लाईट गेली की नदीवरची पाइपलाइन फुटते: ११० एमएम, ९०० मीटर, ४२ मीटर चढ

मळीचं_रान

कृष्णाकाठावरून रानात पाणी नेलंय. १० एचपी मोनोब्लॉक पंप, नदीत फूट व्हॉल्व्ह (सक्शनच्या तळाची एकेरी झडप), सक्शनला ४ मीटर उचल. डिलिव्हरीला ११० एमएम पीव्हीसी. पंपापासून हौदापर्यंत अंतर ९०० मीटर, हौदाचं तोंड पंपापेक्षा ४२ मीटर उंच. हौद भरायचा वेळ मोजला तर सेकंदाला ८ लिटर पडतात.

लाइनचा चढउतार असा: पहिल्या ६० मीटरात काठ चढून १२ मीटर उंची. ५०० मीटरवर टेकाड आहे, त्याची उंची ३८ मीटर. ६२० मीटरवर ओढा लागतो, तिथे लाइन २८ मीटरपर्यंत खाली उतरते. मग परत चढून हौद. टेकाडापर्यंत ६ किलोचा पाइप (चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब झेलणारा) आहे, पुढे ४ किलोचा, कारण तिथे दाब कमीच असतो. पंपाजवळ साधा फ्लॅपचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह). एअर व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणारी झडप) एकच, काठ चढल्याबरोबर. तिथे बांधाला चेंबर सोयीचं पडलं.

फुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. काठ चढल्यावरचा ९० अंशाचा एल्बो सॉकेटातून निसटतो, नाहीतर ओढ्यातला पाइप लांबीत चिरतो. मोटार चालू असताना दोन्हीपैकी काहीच होत नाही, लाईट गेली की होतं. चालू असताना पंपाजवळचं गेज ५ किलो दाखवतं. मग ६ किलोचा पाइप का हार खातो? गावात दोन सल्ले मिळाले: सगळी लाइन १० किलोची करा, किंवा मोठा एनआरव्ही बसवा. पैसे घालण्याआधी कारण नीट समजून घ्यायचं आहे.

---

उपसा_योजना

चढउताराचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत. त्यांच्याशिवाय यावर बोलणं म्हणजे अंदाज.

तुमच्या लाइनीत चालू अवस्थेत साधारण साडेसात टन पाणी सेकंदाला ०.९७ मीटर वेगाने पळत असतं. लाईट जाते, इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) एक-दोन सेकंदात मंदावतो, मागून ढकलणारं कोणी उरत नाही, पण हे साडेसात टन लगेच थांबत नाही. वेगातल्या प्रत्येक बदलाचा दाब होतो आणि तो लाटेसारखा पाइपातून धावतो. यालाच पाण्याचा मार, वॉटर हॅमर म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर १८९७-९८ मध्ये प्रयोग करून याचं सूत्र मांडलं, आजही तेच वापरतात: दाबातला बदल मीटरमध्ये = लाटेचा वेग × पाण्याच्या वेगातला बदल ÷ ९.८१.

लाटेचा वेग पाइपच्या मालावर आणि जाडीवर ठरतो. लोखंडी पाइपात तो सेकंदाला हजार मीटरच्या पुढे असतो. पीव्हीसी ताणला जातो म्हणून बराच कमी: ६ किलोच्या पाइपात साधारण ३१०, ४ किलोच्या पाइपात २६०, १० किलोच्या पाइपात ४००. तुमच्या ६ किलोच्या पाइपासाठी ३१० × ०.९७ ÷ ९.८१, म्हणजे जवळजवळ ३१ मीटर. १० मीटर म्हणजे १ किलो, तेव्हा तीन किलोहून थोडा जास्त.

आता क्रम बघा. लाईट गेल्यावर आधी दाब पडतो. पंपाजवळ ५० मीटर होता तो २० च्या आसपास येतो. ही पडलेल्या दाबाची लाट वर धावते आणि दीडेक सेकंदात टेकाडावर पोचते. टेकाडावर चालू असताना दाब किती होता? हौद ४२ मीटरवर, पुढच्या ४०० मीटरचं घर्षण ३ मीटरहून थोडं जास्त, टेकाड ३८ वर. म्हणजे जेमतेम ७ मीटर. त्यातून ३० वजा करायचे. पाण्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा फार तर १० मीटर खाली जाऊ शकतो, त्यापुढे पाण्याची वाफ होते आणि स्तंभ तुटतो. तुमच्या टेकाडावर रोज लाईट जाताना हेच होतंय. खालचं ५०० मीटर पाणी वेगळं, वरचं ४०० मीटर वेगळं, मध्ये पोकळी.

वरचा तुकडा हौदाकडे थोडा सरकून थांबतो आणि मागे फिरतो. त्याला मागे ढकलायला हौदाचे ४ मीटर आणि पोकळीचे १० मीटर मिळून १४ मीटरचा हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) आहे. पोकळीत हवा नसते, त्यामुळे मध्ये गादी नाही. पाणी पाण्यावर आदळतं. ओढ्यातला पाइप तिथून १२० मीटरवर, आणि तोही ४ किलोचा. तिथे स्थिर दाब १४ मीटर, त्यावर या पाइपाचा आघात साधारण २५ मीटर. म्हणजे ३९, पाइपची मर्यादा ४०. स्तंभ तुटून जुळताना क्षणिक टोक सूत्राच्या आकड्यापेक्षाही वर जाऊ शकतं. तो पाइप एका दणक्यात फुटत नाही. पीव्हीसी दाबाच्या रोजच्या चढउताराने थकतो आणि जिथे खालून दगड टेकलाय किंवा ओरखडा आहे तिथे एक दिवस लांबीत चिरतो.

पंपाच्या बाजूला दुसरी गोष्ट. परतीची लाट आल्यावर दाब स्थिर पातळीच्या वर जातो: ४२ + ३१ = ७३ मीटर, ७ किलोच्या वर. पाइप ६ किलोचा. ५ किलो दाखवणारं गेज खोटं बोलत नाही, ते चालू अवस्थेचं बोलतं.

पूर्ण लाइन १० किलोची करायचा सल्ला मला पटत नाही. जाड पाइपात लाट जोरात धावते आणि आतला व्यास घटल्याने पाण्याचा वेगही वाढतो. तुमच्याच ८ लिटरला आघात ३१ वरून ४३ मीटरवर जाईल. पाइप तो झेलेल हे खरं (४२ + ४३ = ८५, मर्यादा १००), पण टेकाडावरची पोकळी तशीच राहील आणि मार पंपाला, एल्बोला, एनआरव्हीला बसत राहील.

माझ्या मते खरा दोष एअर व्हॉल्व्हच्या जागेचा आहे. तो ३८ मीटरच्या टेकाडावर हवा होता. लाईट जाताच त्याने हवा आत घेतली की पोकळी तयार होत नाही, परतीचा हेड १४ ऐवजी ४ मीटर राहतो, आणि परत येणारं पाणी हळू वेग धरतं.

---

चर_आणि_चेंबर

वरचा हिशेब बरोबर आहे. कामाच्या अंगाने थोडी भर घालतो.

फुटलेला तुकडा फेकू नका, तो बघून बरंच कळतं. लांबीत उभी चीर म्हणजे आतला दाब किंवा थकवा. गोल, बांगडीसारखी चीर म्हणजे जमीन खचली किंवा पाइप वाकला, त्यात पाण्याच्या माराचा दोष बहुधा नसतो. सॉकेटातून सरळ निसटला तर वळणाला काँक्रीटचा ठोकळा नाही किंवा सोल्युशन (सांधे चिकटवायचा डिंक) सुकायच्या आत पाणी सोडलं. पाइप चपटा झाला तर आत निर्वात झालं. अडीच किलोच्या पातळ पाइपात हे हटकून दिसतं. तुमच्याकडे पहिला आणि तिसरा प्रकार आहे.

एल्बोचा हिशेब करून बघा. ११० एमएमचं तोंड ९५ चौरस सेंटिमीटर. ९० अंशाच्या वळणावर बाहेर ढकलणारा जोर = दाब × ९५ × १.४१. तुमचा एल्बो १२ मीटर उंचीवर आहे, तिथे चालू दाब ३.८ किलो, म्हणजे जोर ५१० किलो. लाईट गेली की आधी तो शंभरावर येतो, मग ६ किलोच्या दाबाला ८०० किलोवर जातो. रोज असा मागे-पुढे हलणारा सांधा कुठलं सोल्युशन धरून ठेवणार?

तिथे काँक्रीटचा ठोकळा लागतोच. कडक मुरमाला चौरस सेंटिमीटरला १ किलो धरा, काळ्या मातीला अर्धा. काळ्या रानात ८०० किलोसाठी १६०० चौरस सेंटिमीटर टेकू हवा, म्हणजे ४० × ४०. मी ४५ × ४५ करायला सांगेन. काँक्रीट १:२:४. ते न खोदलेल्या मातीच्या भिंतीला भिडलं पाहिजे. बुजवलेल्या भुसभुशीत मातीला टेकवलेला ठोकळा नुसतं वजन आहे, टेकू नाही. एल्बोभोवती जाड प्लास्टिक गुंडाळून मग काँक्रीट ओता, नाहीतर खरबरीत कड पाइपाला कापते. सांधे काँक्रीटच्या बाहेर उघडे ठेवा, गळती दिसली पाहिजे. जागा असेल तर एका ९० ऐवजी ४५ चे दोन बेंड टाका, जोर दोन ठिकाणी वाटला जातो.

ओढ्यात पाइपखाली १० ते १५ सेंटिमीटर वाळू किंवा बारीक मुरूम, वरती निदान ९० सेंटिमीटर माती. तिथला ४ किलोचा पाइप काढून ६ किलोचा घाला. टेकाडाच्या उतारापासून ओढ्याच्या पलीकडच्या चढापर्यंत बदलला तरी पुरे, हौदाजवळचा ४ किलोचा राहू द्या.

---

मळीचं_रान

दोघांचेही आभार. टेकाडावर एअर व्हॉल्व्ह नाही हा मुद्दा एकदम लक्षात आला. काल मुद्दाम मोटार बंद करून गेज बघितलं. काटा ५ वरून २ च्या आसपास पडला, क्षणभर थांबला, मग एकदम ७ च्या पुढे गेला आणि वरखाली होत शेवटी ४.२ वर स्थिरावला. त्याच वेळी पंपाजवळ एनआरव्हीचा जोराचा ठोका ऐकू येतो.

तीन शंका आहेत. एअर व्हॉल्व्ह कोणता आणि किती इंची? एनआरव्ही बदलायचा का? आणि शेजारच्या रानात पंपाजवळ टी टाकून ११० एमएमचा दोन मीटर पाइप वर टोपी लावून उभा केलाय, हवेची गादी म्हणून. तो चालतो का?

---

उपसा_योजना

गेजचं वर्णन अगदी पुस्तकात शोभेल असं आहे. पडला, थांबला, उसळला. त्या मधल्या थांब्यात लाट वर जाऊन परत येते आणि टेकाडावरची पोकळी भरते. ४.२ म्हणजे हौदाची स्थिर पातळी. साध्या काट्याला खरं टोक पकडता येत नाही, म्हणून ७ दिसले तर प्रत्यक्षात थोडे जास्तच धरा. ० ते १६ किलोचं, ग्लिसरीन भरलेलं गेज एनआरव्हीच्या पुढे बसवा.

एअर व्हॉल्व्ह: ढोबळ नियम लाइनच्या व्यासाच्या एक अष्टमांशाचा आहे, त्यामुळे १ इंची तुम्हाला पुरतो. पण प्रकार बघून घ्या. नुसती साचलेली हवा बारीक छिद्रातून सोडणारा इथे कामाचा नाही. हवा झपाट्याने आत घेणारा हवा, म्हणजे डबल अ‍ॅक्शन किंवा कायनेटिक. शक्य असेल तर नॉन स्लॅम प्रकार घ्या: तो हवा मोकळी आत घेतो आणि बाहेर सोडताना तोंड आवळतो. साध्या कायनेटिकमधून हवा भसकन निघून गेली की शेवटी दोन्ही बाजूचं पाणी एकदम भिडतं आणि बॉल बसताना नवा दणका तयार होतो. हवा हळू निघाली तर तीच गादी होते.

जागा डोळ्याने ठरवू नका. टेकाडावर पाण्याची लेव्हल ट्यूब धरून पाइपचा खरा सर्वांत उंच बिंदू काढा. जमिनीचा उंचवटा आणि चरातल्या पाइपचा उंचवटा बऱ्याचदा एका जागी नसतो. व्हॉल्व्हखाली एक बॉल कॉक ठेवा, पण तो दुरुस्तीपुरता. एअर व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून कोणीतरी तो कॉक बंद करतं, आणि मग व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा होतो. पावसाळ्यानंतर नदीचं पाणी गढूळ असतं, तेव्हा बॉल आणि रबर खोलून धुवा.

उभ्या टोपीच्या पाइपाबद्दल: पहिले काही दिवस चालतो. दाबाखाली हवा पाण्यात विरघळत जाते, पाइप पाण्याने भरतो, मग तो नुसता उभा पाइप उरतो. मोठ्या योजनांत हवेची टाकी असते तेव्हा तिला कंप्रेसर आणि पातळी दाखवणारी नळी असते, किंवा आत रबरी पिशवी असते. शेतातल्या लाइनीला ते जपणं अवघड. शिवाय पीव्हीसीच्या बंद पाइपात दाबलेली हवा ठेवणं धोक्याचं आहे. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर चिरतो, हवेने भरलेला फुटला तर तुकडे उडतात. शेजाऱ्यांनाही हे सांगा.

---

फूटवॉल

एनआरव्हीबद्दल. ठोका ऐकू येतो याचा अर्थ पाणी उलटं फिरून वेग धरतं आणि मग फ्लॅप आपटतो. फ्लॅपला मिटायला मोठं अंतर कापावं लागतं, तोवर पाणी मागे निघालेलं असतं. अर्ध्या मीटरच्या उलट्या वेगाला फ्लॅप आपटला तर एकट्या त्याचाच १५-१६ मीटरचा आघात होतो. त्यामुळे मोठ्या मापाचा एनआरव्ही उलट वाईट: मोठा फ्लॅप, मोठा प्रवास, उशिरा मिटणं. स्प्रिंगचा घ्या, ड्युअल प्लेट किंवा नॉन स्लॅम. पुढे जाणारं पाणी थांबायच्या सुमाराला स्प्रिंग तो मिटवून टाकते. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या लाइनीत याच तत्त्वावरचा झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने बसवतात.

तुम्हाला दुसरा स्प्रिंगचा एनआरव्ही टेकाडावर, एअर व्हॉल्व्हच्या हौदाकडच्या बाजूला लगेच बसवता येईल. त्याने वरचा ४०० मीटरचा तुकडा परत येऊच शकत नाही. क्रम चुकवू नका: पंपाकडून येताना आधी एअर व्हॉल्व्ह, मग एनआरव्ही. उलटा लावलात तर एनआरव्हीच्या पंपाकडच्या बाजूला, म्हणजे जिथे निर्वात होतं नेमकं तिथे, हवा मिळणार नाही.

पंपाचा एनआरव्ही हेड खातो म्हणून काढून टाकणारे बरेच आहेत. तसं कधी करू नका. मग परतीचं सगळं पाणी पंपातून जाऊन फूट व्हॉल्व्हवर थांबतं. पंपाची बॉडी तडकते आणि फूट व्हॉल्व्हची झडप तुटते.

---

चर_आणि_चेंबर

एक गोष्ट राहिली. एअर व्हॉल्व्ह आणि दोन एनआरव्ही झाले तरी पंपापासून टेकाडापर्यंतच्या ५०० मीटरचा आघात पूर्ण जात नाही. वाईटात वाईट ३८ + ३१ = ६९ मीटर धरा. ६ किलोच्या पाइपाला हे ९-१० मीटर उंचीच्या वर चालतं, खाली नाही. तुमचा काठ पहिल्या ६० मीटरातच १२ मीटर चढतो, म्हणून पंपापासून फक्त १२ नळ (६ मीटरचे, एकूण ७२ मीटर) १० किलोचे टाका. ९०० मीटर बदलायची गरज नाही. उघड्यावर उन्हात पडलेला तुकडा असेल तर तोही गाडा किंवा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) करा. पीव्हीसीची किलोची मर्यादा २७ अंश तापमानाची असते, उन्हात तापला की ती उतरते.

याउपर आणखी बचाव पाहिजे असेल तर एनआरव्हीच्या पुढे टी टाकून ५० एमएमचा स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा), ५.६ किलोवर सेट. चालू दाबापेक्षा अर्धा किलो जास्त ठेवला नाही तर तो रोज ठिबकेल. त्याचं तोंड नदीकडे सोडा. महिन्यातून एकदा हाताने उघडून बघा, गाळाने जाम झालेला रिलीफ व्हॉल्व्ह दाबाच्या वेळी उघडत नाही.

---

मळीचं_रान

आता कामाचा क्रम लागला. शेवटचं: मोटारीला ऑटो आहे, लाईट आली की लगेच चालू होते. आणि टेकाडावर हवा आत आल्यावर पुन्हा लाइन भरताना काय काळजी घ्यायची?

---

उपसा_योजना

ऑटोला टायमर लावा, लाईट आल्यावर निदान ३ मिनिटं थांबू द्या. तुमच्या लाइनीतली लाट पंपापासून हौदापर्यंत जाऊन परत यायला ६ सेकंद घेते, एक पूर्ण हेलकावा १२-१३ सेकंदांचा, आणि तो विरायला असे बरेच हेलकावे लागतात. लाईट चटकन येते-जाते तेव्हा पाणी मागे येत असताना मोटार पुढे ढकलते, तो दणका सगळ्यात वाईट.

पूर्ण रिकामी लाइन भरताना डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवून चालू करा, पाण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटरच्या आत ठेवा. तुमच्या पाइपात ते सेकंदाला अडीच लिटर होतात, म्हणजे साडेसात टन पाणी भरायला ५० मिनिटं. हौदात सलग, हवेच्या गचक्यांशिवाय धार पडू लागली की मग हळूहळू पूर्ण उघडा. रोजच्या लाईट जाण्याने टेकाडावर थोडीच हवा आत येते, तेवढ्यासाठी हे करावं लागत नाही; नॉन स्लॅम व्हॉल्व्ह ती सावकाश सोडतो.

हाताने बंद करताना आधी गेट व्हॉल्व्ह, मग मोटार. गेट फिरवायला निदान एक मिनिट घ्या, आणि त्यातला बराचसा वेळ शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांना द्या. गेट व्हॉल्व्ह अर्धा मिटेपर्यंत प्रवाह फारसा कमी होत नाही, खरं पाणी अडतं ते शेवटी. तिथे घाई केली तर लाट परतायच्या ६ सेकंदांच्या आत सगळा वेग संपतो आणि आघात पूर्ण बसतो. म्हणूनच लाइनीवर पाव फेरीत मिटणारा बॉल व्हॉल्व्ह किंवा बटरफ्लाय असेल तर त्याला गिअर लावा किंवा तो काढून गेट व्हॉल्व्ह घाला.

---

फूटवॉल

काम झाल्यावर माती बुजवायच्या आधी पुन्हा एकदा मोटार चालू करून खटका पाडा आणि तेच गेज बघा. सोल्युशनचे सांधे २४ तास सुकू द्या, मगच दाब. काटा आता ६.९ च्या खाली थांबला पाहिजे. टेकाडावर एक माणूस उभा करा: खटका पडल्यावर दीड-दोन सेकंदात एअर व्हॉल्व्हने हवा ओढल्याचा आवाज त्याला आला पाहिजे. आवाज नसेल तर खालचा बॉल कॉक बंद आहे का ते बघा, आणि तो उघडा असेल तर व्हॉल्व्ह उंच बिंदूवर बसलेला नाही, लेव्हल ट्यूब पुन्हा धरा.